चाकणला पहिला इंटरव्ह्यू देताना: आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठी

आमच्या शॉपला, म्हणजे मशीनं चालतात त्या भागाला लागून क्वालिटीची एक लहान खोली आहे. मुलाखती तिथंच होतात. टेबलावर मापं घ्यायला एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर, टर्निंग केलेली एक पिन आणि तिचं ड्रॉइंग ठेवलेलं असतं. मुलगा आत येतो, बसतो, फाइल पुढे करतो. मी फाइल घेतो, पण उघडत नाही. पिन त्याच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "हिचा डाया बघ जरा."

पुढच्या अर्ध्या मिनिटात बरंच काही ठरतं. बहुतेक जण पिन व्हर्नियरच्या जॉमध्ये (जबड्यात) धरतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. काही जण आकडा सांगताना व्हर्नियरकडे बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. गेल्या वर्षी अंबाजोगाईकडचा एक मुलगा आला होता. त्यानं आधी जॉ पुसले, बंद करून उजेडाकडे धरले, शून्याला शून्य जुळतंय का ते पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून पिनवरचं तेल पुसलं आणि दोन ठिकाणी माप घेतलं.

"सर, या टोकाला चोवीस पॉइंट बासष्ट येतंय, त्या टोकाला चोवीस पॉइंट अडुसष्ट. टेपर आहे का हिच्यात?"

होताच, म्हणजे पिन एका टोकाला बारीक होती. ती मी सकाळी रिजेक्शनच्या ट्रेमधूनच उचलून आणली होती. त्या मुलाला इंग्रजीत स्वतःची ओळखसुद्धा धड सांगता आली नव्हती. आज तो आमच्याकडे लाइन इन्स्पेक्टर आहे.

मी आधी भोसरीत जॉबवर्कच्या शॉपमध्ये होतो, आता चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघतो. टेबलाच्या अलीकडे पण बसलोय आणि पलीकडे पण. खाली लिहिलंय ते फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन आणि मेकॅनिकल डिप्लोमा करून पहिल्यांदा एमआयडीसीत येणाऱ्यांसाठी आहे. चाकण म्हटलंय, पण रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड इथंही फार वेगळं चालत नाही. आयटी कंपनीच्या इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांना यातलं फारसं काही लागणार नाही.

नोकरी कसली आहे, ते आधी विचारा

मेसेज असा येतो: "अर्जंट रिक्वायरमेंट, आयटीआय ऑल ट्रेड, डिप्लोमा मेक., चाकण, बस-कॅन्टीन फ्री." पाच ग्रुपवरून फिरून आलेला. खाली एक मोबाइल नंबर. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नसते, ती म्हणजे तुम्ही कोणाचे कामगार होणार.

चार प्रकार असतात. अप्रेंटिस म्हणजे १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालचं प्रशिक्षण. तिथं पगार नाही, विद्यावेतन मिळतं. पीएफ कापत नाहीत. आणि करारात तसं लिहिलेलं नसेल, तर मुदत संपल्यावर कंपनीनं नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही. आयटीआयवाल्यानं शेवटची ट्रेड टेस्ट पास केली की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं, ते पुढे रेल्वेच्या किंवा सरकारी कारखान्यांच्या भरतीत कामाला येतं. दुसरा प्रकार ट्रेनी: कंपनीच ठरावीक मुदतीसाठी घेते. तिसरा कॉन्ट्रॅक्ट: काम कंपनीत, पण पगाराची चिठ्ठी ठेकेदाराची. चौथा कंपनी रोल, ज्याला गावाकडे "कायम" म्हणतात. फ्रेशरला तो थेट क्वचितच मिळतो.

फोनवर लाजू नका. एवढंच विचारा: "सर, लेटर कंपनीचं मिळेल की कॉन्ट्रॅक्टरचं? आणि काम कुठल्या डिपार्टमेंटला आहे?" सरळ उत्तर मिळालं तर जा. "या तर आधी, मग बघू" असं उत्तर आलं तर प्रवासखर्च किती होतोय त्याचा हिशोब करून ठरवा.

माझं मत विचाराल तर: दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून कॉन्ट्रॅक्टवर लोडिंग-अनलोडिंगला लागण्यापेक्षा चांगल्या कंपनीत मशीनवरची अप्रेंटिसशिप केव्हाही बरी. वर्षभरानं दुसऱ्या टेबलावर बसाल तेव्हा "काय काय केलं?" याला उत्तर असतं. घरी पैशाची निकड असेल तर गोष्ट वेगळी, ते मी इथं बसून सांगू शकत नाही.

बायोडेटा

एक पान. दीड नाही.

सायबर कॅफेवाल्याकडे एकच नमुना असतो आणि तालुक्यातली सगळी मुलं तोच घेऊन येतात. हार्ड वर्किंग, पंक्च्युअल, क्विक लर्नर. छंद: क्रिकेट, वाचन. एकदा सकाळपासून अकरावा वाचनाचा छंद बघितल्यावर मी विचारलं, शेवटचं काय वाचलं? मुलगा म्हणाला, "सर, ते दुकानदारानं टाकलंय."

हसू आलं, पण मला हसायचा अधिकार नाही. मी स्वतः पहिल्या इंटरव्ह्यूला बायोडेटात "ऑटोकॅड" लिहून गेलो होतो. कॉलेजात दोन प्रॅक्टिकल झाली होती, तेवढ्याच जोरावर. समोरच्या साहेबांनी काही न बोलता कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. "एक फ्लँज काढ. पीसीडीवर सहा होल." पीसीडीचं, म्हणजे होलं ज्यावर बसतात ते वर्तुळ काढलं, पहिलं होल काढलं. पोलर अ‍ॅरे नावाची, होलं सारख्या अंतरावर बसवणारी कमांड असते हे आठवत होतं, कशी द्यायची ते आठवत नव्हतं. मग दुसरं होल मी अंदाजानं ठेवलं. तिसरं पण. चौथ्यापाशी ते म्हणाले, "राहू दे. पाणी पी." ते गृहस्थ सज्जन होते, पण नोकरी गेली ती गेलीच. ऑटोकॅड लिहिलंच नसतं तर त्यांनी मला ड्रॉइंग वाचायला दिलं असतं, आणि ते मला चांगलं येत होतं.

म्हणून जे हाताखालून गेलंय तेवढंच लिहा, पण ते नीट उलगडून लिहा. "प्रोजेक्ट: हायड्रॉलिक जॅक" यातून काही कळत नाही. ग्रुपमध्ये सहा जण होते, त्यातलं तुम्ही काय केलं? रॅमचं टर्निंग केलं असेल तर ते लिहा. सामान आणायला भोसरीला गेला असाल आणि सील किट कुठल्या मापाची लागते ते तुम्हीच शोधलं असेल, तर तेही लिहा. साखर कारखान्यातलं इनप्लांट ट्रेनिंग, मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काढलेली सुट्टी, शेतावर सबमर्सिबल पंप वर काढताना केलेली मदत: मुलं हे सगळं लपवतात, कारण त्यांना ते कमीपणाचं वाटतं. अहो, मेंटेनन्सच्या माणसाला तेच ऐकायचं असतं! पाना हातात धरलेला मुलगा आणि पाना पुस्तकात बघितलेला मुलगा यातला फरक तो दोन वाक्यांत ओळखतो.

टक्के, पास झाल्याचं वर्ष, एटीकेटी, गॅप, सगळं खरं लिहा. मार्कशीट बघणारच आहेत.

आठ दिवसांचा अभ्यास

सगळी पुस्तकं परत काढू नका. आपल्या ट्रेडचे पाच-सहा विषय पक्के करा, म्हणजे समोरच्यानं एक पायरी खाली नेलं तरी उभं राहता आलं पाहिजे.

मोजमाप सगळ्यांना विचारतात. नेहमीच्या मेट्रिक व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे पाठ असतंच. पुढचा प्रश्न "कसा काढला?" इथं निम्मी मुलं गळतात. व्हर्नियर पट्टीवरचे ५० भाग मुख्य पट्टीच्या ४९ मिमीत बसवलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८ मिमीचा, आणि १ वजा ०.९८ म्हणजे ०.०२. मायक्रोमीटरचा थिंबल एक फेरा फिरला की स्पिंडल अर्धा मिमी सरकतो आणि थिंबलवर ५० रेघा असतात, म्हणून ०.०१. रीडिंगचं एक उदाहरण कागदावर करून बघा: मुख्य पट्टीवर २४ झालेत आणि व्हर्नियरची ३१वी रेघ जुळतेय, तर २४ अधिक ३१ गुणिले ०.०२, म्हणजे २४.६२. मायक्रोमीटर हातात आला तर शेवटी रॅचेटनंच फिरवा. थिंबल आवळून माप घेणारा माणूस क्वालिटीवाल्याला लांबूनसुद्धा दिसतो.

त्यानंतर फिट आणि टॉलरन्स. ड्रॉइंगवर भोकाला "२५ एच ७" लिहिलंय याचा अर्थ सांगता आला पाहिजे: कमीत कमी २५.०००, जास्तीत जास्त २५.०२१. म्हणजे २१ मायक्रॉनची मोकळीक (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). त्यात इंग्रजी अक्षर कॅपिटल असेल तर भोक, स्मॉल असेल तर शाफ्ट. मग प्लग गेज हातात देतात. गो बाजू जायलाच पाहिजे, नो-गो जाता कामा नये. "नो-गो थोडीशी जातेय, चालेल का?" असं मी मुद्दाम विचारतो. चालत नाही. "सर, सुपरवायझरला विचारून" असं म्हणालात तरी चालत नाही, कारण सुपरवायझरलाही तो पीस पास करायचा अधिकार नाही.

साधं गणित येऊ द्या, कॅल्क्युलेटरशिवाय. आठ तासांची शिफ्ट, अर्धा तास जेवण, दहा-दहा मिनिटांचे दोन चहा, सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) ५० सेकंद. शिफ्टला किती पीस? ४८० मिनिटांतून ५० वजा, राहिली ४३०. सेकंद झाले २५,८००. भागिले ५०, म्हणजे ५१६. हे आलं की पुढे विचारतात, "मग प्रत्यक्षात ५१६ का निघत नाहीत?" इन्सर्ट बदलणं, पहिल्या पीसची तपासणी, मटेरियलची वाट बघणं, चिप साफ करणं. कधी मशीनवर उभे राहिला असाल तर हे आपोआप सुचतं. राहिला नसाल तर ओळखीच्या दादाच्या वर्कशॉपमध्ये एक दिवस नुसते उभे राहा आणि बघा.

सीएनसीवाल्यांनी जी ०० आणि जी ०१ मधला फरक, एम ०३, एम ०६, एम ०८, एम ३० एवढं तरी बोटांवर ठेवावं, आणि ऑफसेट म्हणजे काय ते आपल्या शब्दांत सांगता यावं. डाया २० मायक्रॉन मोठा येतोय, ऑफसेट कुठल्या बाजूला किती द्याल? यावर बरीच मुलं छताकडे बघतात. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा हमखास: मोटार आधी स्टारमध्ये का सुरू करतात? स्टारमध्ये सुरू केल्यावर लाइनमधून येणारा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो, म्हणून. स्टार्टरमधली नो व्होल्ट कॉइल कशासाठी, ओव्हरलोड रिले का पडतो, मेगरनं काय मोजतात. आणि सगळ्यात आधी: पॅनलला हात लावण्याआधी काय कराल? सप्लाय बंद, लॉक, टॅग, मग टेस्टरनं खात्री. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं बरोबर येऊनही उपयोग नाही.

फाइव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचे पाच जपानी शब्द मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. सेइरी, सेइटन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. मी विचारतो, "तुमच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये हातोडी कुठं ठेवायची असायची?" शब्द विसरले तरी हरकत नाही, हातोडीची जागा सांगता आली पाहिजे.

कंपनी काय बनवते?

आदल्या रात्री मोबाइलवर दहा मिनिटं. कंपनीची वेबसाइट उघडा आणि प्रॉडक्टचे फोटो बघा. ब्रेकचे पार्ट आहेत, वायरिंग हार्नेस आहेत, की शीट मेटल? प्रेस शॉप असेल तर डाय, पंच, बर (कापलेल्या कडेला राहिलेली धार) यावर प्रश्न येतील, प्लास्टिक असेल तर मोल्डिंगवर. "आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे?" याला उलाढाल आणि स्थापनेचं वर्ष सांगत बसू नका, ते एचआरलाही धड माहीत नसतं. "सर, तुमच्याकडे स्टिअरिंगचे पार्ट होतात, ते फोर्जिंग इथंच होतं की बाहेरून येतं?" असा एक प्रश्न पुरे.

सकाळची तयारी

मार्कशीट, आयटीआय किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, चार फोटो, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद दाखवायला न्या, पण कोणाकडे ठेवून येऊ नका.

बाहेरगावाहून येत असाल तर आदल्या दिवशी या. चाकण-भोसरीत कॉट बेसिसवर (खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन) राहणारा गावचा कोणीतरी असतोच. नाशिक फाट्यावरून मोशीमार्गे चाकणला पोचायला नकाशा जो वेळ दाखवतो त्यावर विसंबू नका. तळेगाव चौकातच अर्धा तास गेलेला मी कित्येकदा बघितलाय. शिवाय कंपनी चाकणमध्ये म्हणतात ती प्रत्यक्षात महाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशी कुठंही असते. लोकेशन आधीच मागून घ्या.

कपडे साधे, इस्त्रीचे. पायात बंद बूट, नवे नसले तरी चालतील. चप्पल घालून आलेल्याला शॉपमध्ये सोडत नाहीत, आणि इंटरव्ह्यूनंतर साहेब म्हणाले "चल, लाइन दाखवतो" तर तुम्ही गेटवरच राहाल. कडं, अंगठी, गळ्यातली साखळी घरी ठेवा. फिरत्या मशीनजवळ ती चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे एवढं त्यातून कळतं. गेटवर मोबाइल जमा करायला सांगतील किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील. तो स्टिकर नंतर काढून बघू नका.

एक राहिलं: नाश्ता करून निघा. दहाला बोलावलं म्हणजे दहाला नंबर लागेल असं नाही. आमच्याकडेच ग्राहकाचं ऑडिट निघालं तर मुलं दीडपर्यंत बाहेर बसतात. चूक आमची असते, पण उपाशी बसलेल्याची उत्तरं बिघडतात.

खोलीत गेल्यावर

"स्वतःबद्दल सांग" याला वडिलांचं नाव, गाव, घरात किती जण इथून सुरुवात करू नका. नाव, कुठून आलात, कुठल्या आयटीआयमधून कुठला ट्रेड, कुठलं मशीन चालवलंय, आता कसलं काम हवंय. चार-पाच वाक्यं, मिनिटभर. आरशासमोर नको, मित्रासमोर बोलून बघा. आरसा मध्येच प्रश्न विचारत नाही.

इंग्रजीची भीती सगळ्यात मोठी असते, आणि शॉपच्या नोकरीत ती सगळ्यात बिनकामाची. सुरुवात एचआर इंग्रजीत करतील. तुमची चार वाक्यं इंग्रजीत तयार असू द्या, ती बोला, आणि मग सरळ म्हणा, "सर, टेक्निकल मराठीत सांगितलं तर चालेल का?" आजवर याला नाही म्हणणारा मी तरी बघितलेला नाही. साहेब बाहेरच्या राज्यातले असतील तर हिंदीत बोला. मात्र ड्रॉइंगवरच्या इंग्रजी टिपा वाचता यायला हव्यात, त्यात सूट नाही: "रिमूव्ह ऑल बर्स अँड शार्प एजेस" कळलं नाही तर पीस चुकणार.

येत नाही त्याला "येत नाही" म्हणा. पण तिथं थांबू नका. "सर, हाइट गेज वापरलेला नाही. सरफेस प्लेटवर ठेवून वापरतात एवढं बघितलंय." यात खोटं काही नाही आणि तुमचं डोकं चालतंय तेही दिसतं. ठोकून दिलेलं उत्तर मात्र लगेच पकडलं जातं, कारण समोरचा पंधरा वर्षं तेच काम करतोय.

आता माझा आवडता प्रश्न. "तुझ्या हातून पीस चुकला. कोणी बघितलेलं नाही. काय करशील?"

दहातले सात म्हणतात, "सर, चूक होणारच नाही." दोघं म्हणतात, "रिवर्क करीन." मला ऐकायचं असतं ते असं: मशीन थांबवीन, पीस रिजेक्शनच्या लाल बिनमध्ये टाकीन, सुपरवायझरला सांगीन आणि शेवटचा ओके पीस कुठला होता तिथपर्यंत मागचे सगळे परत तपासीन. हे शेवटचं वाक्य कोणी बोललं तर मी पेन खाली ठेवतो. कारण चुकलेला एक पीस चांगल्यांत मिसळून ग्राहकाकडे गेला, की सगळा लॉट अडकतो. मग आमची चार माणसं त्यांच्या गोदामात दोन-दोन रात्री सॉर्टिंग करत बसतात. एका मुलानं विचारलं होतं, "सर, सांगितलं तर काढून टाकतील का?" प्रामाणिक प्रश्न होता. मी म्हटलं, सांगितलं म्हणून काढलेला माणूस अजून बघितला नाही, लपवलं म्हणून काढलेले बघितलेत.

नाइट शिफ्ट, रविवारचं काम, गावापासून लांब राहणं याला विचार न करता "हो सर" म्हणू नका. ते खरंच जमणार आहे का, हे घरी बोलून या. दिवाळीत गावी गेलेला ट्रेनी परतच आला नाही, असं दर वर्षी होतं, म्हणून आम्ही खोदून विचारतो. मुलींना काही ठिकाणी "लग्न कधी?" असं विचारतात. तो प्रश्न चुकीचा आहे. "सर, शिफ्ट आणि कामाबद्दल विचारा, ते मी सांगते" एवढं शांतपणे म्हणायला हरकत नाही.

पगार: हातात किती?

इथं मुलं फसतात, त्यामुळे जरा आकडे मांडतो. एचआर म्हणतात, "सीटीसी वीस हजार सहाशे." सीटीसी म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च, पण मुलगा घरी फोन करून वीस हजार सहाशे सांगतो. महिन्यानं खात्यात सोळा हजार येतात आणि घरी भांडण होतं.

समजा ग्रॉस (कपातीआधीचा) पगार १८,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए मिळून १२,०००. तुमच्याकडून पीएफ १२ टक्क्यांनी १,४४० कापला जाईल. ग्रॉस २१,००० पर्यंत असल्यानं ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू, त्याचे पाऊण टक्क्यानं १३५. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. (महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही.) हातात राहिले १६,२२५. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर त्याहून कमी. मग वीस हजार सहाशे कुठून आले? १८,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,४४०, ईएसआयसी सव्वातीन टक्क्यांनी ५८५ आणि ग्रॅच्युइटीपोटी पावणेसहाशेच्या आसपास मिळवले की झाले. यात लबाडी नाही, हा पैसा तुमच्यासाठीच धरलेला असतो, पण तो दर महिन्याला हातात येत नाही.

म्हणून विचारायचं एवढंच: "सर, कटिंग होऊन हातात किती येतील? ओव्हरटाइम कसा मोजतात?" हे इंटरव्ह्यूच्या शेवटी, त्यांनी पगाराचा विषय काढल्यावर. "अपेक्षा किती?" असं विचारलं तर फ्रेशरनं आकड्यावर ताणू नये, पण "काहीही द्या" असंही म्हणू नये. त्याच भागातल्या ट्रेनीला किती मिळतात ते दोन-तीन मित्रांना विचारून या आणि तो आकडा सांगा.

पैसे मागितले तर उठा

रजिस्ट्रेशनचे पाचशे, युनिफॉर्मचे दीड हजार, मेडिकलचे दोन हजार, "डिपॉझिट, नंतर परत मिळेल." नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडे आधी पैसे मागतात तिथं नोकरी नसते. नामांकित कंपनीच्या नावाचं लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि खाली पैसे भरायचा क्यूआर कोड असेल तर ते लेटर खोटं, शिक्का कितीही गोल असो. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. मूळ मार्कशीट "बाँड म्हणून" ठेवून घेतो म्हणणाऱ्यालाही नमस्कार करा आणि बाहेर पडा.

निवड झाल्यावर

फोन अनोळखी नंबरवरून येतो, बहुधा तुम्ही एसटीत असताना. उचला, आणि आवाज नीट येत नसेल तर "सर, दहा मिनिटांत करतो" म्हणून खरंच करा. आठवडाभर फोन आला नाही तर एकदा एचआरला मेसेज टाका: नाव, तारीख, पोस्ट. रोज टाकू नका. नकार आला तर विचारा, कुठं कमी पडलो? सगळे सांगत नाहीत, पण एखादा सांगतो, आणि पुढच्या कंपनीतही तेच विचारणार असतात.

जॉइनिंगआधी मेडिकल होईल. इलेक्ट्रिशियनला रंग ओळखायला लावतात, चष्मा असेल तर तो घेऊन जा. आधी कुठं काम केलं असेल तर पीएफचा यूएएन नंबर द्या, दुसरा नवा काढू नका. लेटरवर पद, तारीख, पगाराची फोड आणि कोणाचा शिक्का आहे ते वाचून मगच सही करा. मागे रांग लागली असली तरी.

मग स्टोअरवाला विचारेल, "बुटाचा नंबर?" सेफ्टी शूज पुढून लोखंडी असतात आणि आठ तास त्यातच उभं राहायचं असतं. जाड मोजे घालून माप द्या. स्टोअरमध्ये आठच नंबर शिल्लक आहे म्हणून सात नंबरवाल्यानं तो घेऊ नये, बदलून मागावा.